नव्वद दुपारी

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सहा दिवस उरले होते आणि सारिका भारंबेनं माळ्यावरून खापर खाली काढायला लावलं.

खापर म्हणजे हंड्याएवढं मातीचं भांडं, चुलीवर पालथं घालायचं. खानदेशातली पुरणपोळी तव्यावर होत नाही, ती या खापरावर होते. आणि ती पोळपाटावर लाटून भागत नाही. पुरण भरलेला उंडा जरासा पसरून घ्यायचा, मग दोन्ही हातांवर उचलायचा, आणि मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत, झुलवत, ताणत न्यायचा. पोळी हाताएवढी झाली, पलीकडचा उजेड तिच्यातून दिसायला लागला, की एका झोकात खापरावर टाकायची. २०४३ साल उजाडलं, फैजपूरच्या केळीच्या बागांतून ड्रायव्हरशिवाय ट्रॅक्टर फिरायला लागले, पण ही पोळी करणारं यंत्र काही कुणाला जमलं नाही. एका कंपनीनं केलं होतं म्हणे. त्याच्या पोळ्या गावातल्या कुत्र्यांनी हुंगून सोडल्या.

"अगं, सहा दिवस आहेत अजून," हेमराज म्हणाला. तो सारिकाचा नवरा. तीस वर्षं केळी पिकवतो आणि तीस वर्षं बायकोच्या हातची पोळी खातो. "आत्तापासून काय त्या खापराला आंघोळ घालतेस?"

"मागची आखाजी दवाखान्यात गेली माझी. ही नाही जाऊ द्यायची. आणि ऋजुताची पहिली आखाजी आहे लग्नानंतरची. लेक माहेरी येणार आणि पोळी विकतची?"

माघात ऋजुताचं लग्न झालं तेव्हा पोळ्या बाहेरून आणल्या होत्या. ज्या बाईला पंचक्रोशीतून पोळ्यांसाठी बोलावणं यायचं, तिच्याच लेकीच्या लग्नात विकतच्या पोळ्या! सारिका त्या दिवशी सगळ्यांशी हसून बोलली आणि मग मोरीत जाऊन रडली.

झालं होतं ते असं. मागच्या चैत्रात उजव्या स्तनात गाठ निघाली. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, मग दिवाळीपर्यंत केमो, मग किरणं. कॅन्सर गेला. डॉक्टरांनी हात जोडून निरोप दिला, केसही परत आले, तेही कुरळे. पण जाताना त्यानं दोन गोष्टी नेल्या. काखेतल्या गाठी गेल्यामुळे उजव्या हातातलं पाणी वर चढेना. जरा काम केलं की हात सुजून केळफुलासारखा व्हायचा. आणि केमोनं बोटांची जाणीव नेली. डावा हात पुष्कळसा सुधारला, उजवा मात्र तसाच राहिला. कप हातात आहे की सुटला, हे तिला फुटल्याचा आवाज ऐकल्यावर कळायचं. ब्लाउजचे हूक लावायला लेक लागायची. स्तन गेल्याचं दुःख तिनं पचवलं होतं, तिचं तिनं, एकटीनं. बोटांचं मात्र काही केल्या पचेना.

केमो चालू असतानाच, श्रावणात, आली बाही.

भुसावळच्या उपचारकेंद्रात रुबिना तडवी नावाची फिजिओथेरपिस्ट होती. जेमतेम तिशीची, बोलायला चटपटीत. तिनं एक पातळ, करड्या रंगाची, खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत जाणारी बाही सारिकासमोर धरली होती.

"हिची दोन कामं, काकू," रुबिना म्हणाली होती. "एक, हिच्या कापडात बारीक बारीक कृत्रिम स्नायू आहेत. ते मनगटाकडून खांद्याकडे लाटेसारखे आवळत जातात. तुमच्या हातातलं पाणी वर ढकलतात. ते सगळं तुमच्या हातावर बेतलेलं, मी दर आठवड्याला टेपनं मोजणार. दुसरं काम जरा गमतीचं आहे. बोटांच्या टोकांना हिचे जाणते ठिपके आहेत. काय मऊ, काय ओलं, काय गरम, किती ताण, हे त्यांना कळतं. ते ही बाही दंडावर हलक्या टिचक्यांनी सांगते, कारण दंडाची कातडी शाबूत आहे. महिनाभरात तुमचा मेंदू फसतो. टिचकी दंडावर बसते, आणि वाटतं बोटालाच लागलं."

"अगं बाई! असं होतं?"

"होतं. आणि तुम्ही शिकता तशी बाहीपण शिकते. तुमचा हात कुठे घट्ट धरतो, कुठे थांबतो, कुठे सोडतो, ते लक्षात ठेवते. वस्तू निसटायच्या किंवा फाटायच्या आत कापड किंचित आवळून इशारा देते. त्यासाठी नव्वद दिवस, रोज दोन तास, जे काम तुम्हाला परत करायचंय तेच हिला घालून करायचं. तुमचं काम कुठलं?"

सारिकानं फॉर्मवर लिहिलं: खापराची पोळी.

"एकच अट," रुबिना म्हणाली. "मिनिटं भरायला हवीत. यादीत पुष्कळ बायका थांबल्यात. जिची बाही पडून राहते तिची परत घेऊन दुसरीला द्यावी लागते."

मिनिटं भरली. नव्वदच्या नव्वद दिवस भरली. कशी भरली ते सारिकालाही नीट आठवत नव्हतं; केमोच्या त्या दिवसांत सकाळी ती पंधरा-वीस मिनिटं कशीबशी कणीक चिवडायची आणि दुपारी मेल्यासारखी झोपायची. पण फोनवर हिरवी खूण रोज यायची. तिला वाटलं, बाही समजूतदार आहे, आजारी बाईचं थोडं जास्त धरते. तेव्हापासून हूक लागायला लागले, कप फुटायचे थांबले, भाजी चिरता यायला लागली. पोळीला मात्र खांदा वर व्हायला हवा होता. तो गेल्या आठवड्यात झाला. रुबिनानं परवानगी दिली: चुलीपाशी एक तास, बाही घालून, उन्हं तापायच्या आत.

म्हणून खापर खाली आलं होतं. वर्षभर सारिकानं मनातले मांडे खाल्ले होते, आता खरे करायचे होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं चूल पेटवली. बातमी भिंतीपलीकडे पोचायला वेळ लागला नाही. पलीकडे राहायच्या उज्ज्वलाताई, हेमराजच्या मोठ्या भावाची बायको, म्हणजे सारिकाची जाऊ. साठीच्या, उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आधी काहीतरी धरून बसावं. त्या येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"कनीक सैल झाली," त्या म्हणाल्या.

"तशीच लागते, ताई."

"मले काय सांगते? मी काय पोया केल्या नही?"

केल्या होत्या, आणि तिथंच तर दुखणं होतं. उज्ज्वलाताई याच गावच्या, याच मातीतल्या, आणि धाकटी जाऊ जळगावची, शहरातली. तरी सून होऊन आली आणि पहिल्याच आखाजीला तिची पोळी कोपराच्या पुढे गेली. उज्ज्वलाताईंची कधी कोपरापर्यंत पोचली नाही. त्यांची पोळी लहान, कडेला जाड, पण कधी फाटायची नाही. तीस वर्षं भारंबेंच्या पंगतीत लोक विचारायचे, "ही सारिकाची का?" आणि नाही म्हटलं की अर्धीच घ्यायचे.

सारिकानं उंडा उचलला. हातावर घेतला. आणि तिच्या तोंडून किंकाळीच फुटली.

"काय झालं?" हेमराज बागेतून धावत आला.

"लागतंय मला! अहो, पीठ लागतंय बोटांना! आत पुरण आहे, रवाळ आहे, ते सरकतंय, कळतंय मला!"

ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात थांबत नव्हते. डावा, उजवा, डावा, उजवा. पोळी पसरत चालली. वर्षभर जे हात दुसऱ्याचे वाटत होते ते परत आपले झाले होते. मनगट ओलांडलं, निम्मा हात ओलांडला. मग बाही किंचित आवळली. बस, म्हणाली. सारिकानं मुकाट्यानं पोळी खापरावर टाकली.

पोळी फुगली, भाजली, घडी झाली. हेमराजनं उभ्या उभ्याच तूप घालून घास घेतला. चावला. पुन्हा चावला. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"छान आहे की! पण ही तर वहिनीची पोळी आहे."

सारिकानं पोळी हातात घेतली. लहान, कड जाड, आणि कडेला अंगठ्यानं दाबल्याची एक खळी. तिनं आयुष्यात कधी कडेवर अंगठा दाबला नव्हता. तिनं वळून पाहिलं. अशा वेळी दहा वाक्यं सुनावणाऱ्या उज्ज्वलाताई एक अक्षर न बोलता भिंतीपलीकडे निघून गेल्या होत्या.

"सकाळचा हात तुमचा आहे," रुबिना दुसऱ्या दिवशी भुसावळला पडद्यावर त्या नव्वद दिवसांच्या रेषा दाखवत म्हणाली. "बघा, थरथर आहे, पंधरा मिनिटांत थकतो. आणि दुपारी एक ते तीन हा दुसराच हात आहे. ताकदवान, ठाम. पाणी ढकलायचं काम माझ्या मापावर चाललंय, तिथे धोका नाही झाला, नाहीतर मी तुम्हाला चांगलंच झापलं असतं. पण स्पर्शाचे धडे तिनं बहुतेक सगळे दुपारच्या हाताकडून घेतलेत. हूक लावणं, कप धरणं सगळ्यांचं सारखंच असतं, म्हणून तिथे कळलं नाही. पोळीत कळलं. काकू, दुपारी बाही कोण घालत होतं?"

सारिका खुर्चीवर टेकली. तिला एकेक आठवायला लागलं. दुपारी जेवण झाल्यावर उज्ज्वलाताई यायच्या. "दे इकडे ते कापड, धुऊन आनते. वास मारून ऱ्हायलं," असं खेकसून बाही घेऊन जायच्या. तीन वाजता परत आणून उशाशी टाकायच्या. आणि त्यांचं वासरू! त्या दिवाळीपर्यंत त्यांच्या वासरानं असं काही बाळसं धरलं होतं की गाव विचारायचं, याला घालता तरी काय? नव्वद दुपारी ते वासरू कणकेच्या पोळ्या खात होतं.

"आता?" तिनं विचारलं.

"पुसायचं तर दोन मिनिटांचं काम. पण मग बोटं पुन्हा बधिर, आणि पुन्हा नव्वद दिवस."

आखाजीला उरले होते चार.

"दुसरा काही उपाय?"

रुबिनानं जरा विचार केला. "धडे पुसायचे नाहीत, फक्त उघडे करायचे, म्हणजे त्यांत नवं शिकता येईल. मग इशारा आला तरी तुम्ही पुढे ताणायचं. पोळी फाटेल. फाटू द्यायची. फाटल्याशिवाय बाहीला कळणार नाही की खरी हद्द कुठे आहे. आत्ता तिला माहितीच नाही. जिनं शिकवलं तिनं नव्वद दिवसांत एकही पोळी फाडलेली नाही, काकू. एकही नाही. इतकं जपून कोण ताणतं?"

निघताना तिनं मनगटाजवळचं एक बटण दाखवलं. "तुमच्या मनासारखी पोळी झाली की हे दाबा. मग बाही शिकायची थांबते, फक्त शिकवते. मग कुणीही घातली तरी बिघडणार नाही." आणि गालात हसली. "तुमच्या घरची रीत पाहता सांगून ठेवलेलं बरं."

घरी आल्यावर सारिका चप्पल न काढता थेट भिंतीपलीकडे गेली. उज्ज्वलाताई मटकीच्या डाळीचा कचरा निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"मला का नाही सांगितलं, ताई?"

"काय सांगू?"

"बाही तुम्ही घालत होता ते."

"मंग काय करू?" उज्ज्वलाताईंनी सूप खाली आदळलं. "त्या पोरीनं सांगतलं, मिनिटं नही भरली तं बाही वापस. तुह्या घशाखाली पानी उतरत नव्हतं. तू मिनिटं भरनार होती? मी म्हटलं, हात काय, हातच आहे. कोनाचाबी असो. त्या कापडाले काय कयते!"

"सांगितलं असतंत तर..."

"तं तू घालू देली असती मले? तुले मी चांगली ओयखते. म्हनली असती, राहू द्या ताई, माह्यं मी पाहीन." त्या थांबल्या. आवाज खाली आला. या बाईचा आवाज खाली येताना सारिकानं कधी ऐकला नव्हता. "मले काय ठाऊक, ते माह्याच हातावानी शिकीन म्हनून? माह्या हातची पोयी कोनी कधी मांगून खाल्ली नही. आन् आता तुह्या हातालेबी तेच लागलं. तुह्या एवढ्या चांगल्या हाताले. पुसून टाक म्हना त्या पोरीले. सगयं पुसून टाक."

सारिकाला एकदम खूप राग आला आणि त्याच क्षणी तो निघूनही गेला. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. त्यांच्या मजबूत, सुरकुतलेल्या हातावर तिनं आपला बाहीतला हात ठेवला. हात उबदार होता, खरखरीत होता. हे सगळं तिला बोटांना कळत होतं, आणि कळत होतं ते त्याच हातामुळे.

"पुसणार नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी चूल तुमच्याकडे पेटवायची. आणि वासराला उपाशी ठेवा."

पुढचे तीन दिवस भारंबेंच्या घरात जे चाललं ते गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. दोन जावा चुलीपाशी समोरासमोर, आणि पोळीमागून पोळी फाटतेय. बाही आवळायची, बस म्हणायची, आणि सारिका म्हणायची, "नाही, अजून." टर्रकन पोळी फाटायची, पुरण खापरावर सांडून करपायचं, घरभर धूर. दर वेळी उज्ज्वलाताईंच्या तोंडून "अगं माय!" निघायचं, पोळी नव्हे तर जणू त्यांचंच लुगडं फाटत होतं. पहिल्या दिवशी अकरा फाटल्या. शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावून गेल्या. दुसऱ्या दिवशी सात फाटल्या, पण इशारा आता निम्म्या हातावर न येता पुढे सरकून येत होता. सारिकाला तो सरकताना जाणवत होता, आणि तिच्या अंगावर आनंदाचा काटा येत होता.

"आजून वढ!" तिसऱ्या दिवशी उज्ज्वलाताईच ओरडल्या. "वढ, वढ! फाटली तं फाटली!"

ती फाटली नाही. कोपरापर्यंत गेली.

आखाजीच्या दिवशी सकाळी आठलाच ऋजुता आणि जावई दारात उतरले. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, देवघरात पितरांची घागर भरलेली, तिच्यावर खरबूज ठेवलेलं, आणि पातेलंभर आमरस. ऋजुतानं झोक्याकडे पाहिलंच नाही, सरळ चुलीपाशी आली.

"आई, खरंच करणार आहेस? दमशील. हात सुजला तर?"

"तू पाटावर बैस," सारिका म्हणाली. "तुझं काम खायचं."

उंडा हातावर आला. डावा, उजवा. मनगट गेलं, निम्मा हात गेला. बाही गप्प. कोपर आलं. बाही गप्प. पोळी कोपराच्या पुढे झुकली, सकाळचं ऊन तिच्यातून पलीकडे गेलं, आणि तेव्हा कुठे बाहीनं हलकेच आवळून सांगितलं, आता टाक. सारिकानं झोकात टाकली. पूर्ण खापर झाकलं गेलं.

ऋजुता पाटावरून उठून उभी राहिली होती. तिनं आईच्या गळ्यात हात टाकला. बरगड्यांवरच्या त्या सपाट बाजूला अजूनही कुणी जोरात धरलं की सारिका आक्रसायची. आज नाही आक्रसली.

"जा, गरम आहे तोवर खा," ती म्हणाली. "जावईबापूंनाही वाढ."

आत पंगत बसली. बाहेर सारिकानं आणखी तीन पोळ्या केल्या, मग मनगटाजवळचं बटण दाबलं. बारीकसा हिरवा दिवा विझला. तिनं बाही काढली, पुसली, आणि शेजारी उंडे भरून देणाऱ्या उज्ज्वलाताईंच्या पुढे धरली.

"घाला."

"मी? काऊन? माह्या हाताले काय झालं?"

"काही नाही झालं. माझा तास संपला. मला चुलीपाशी बसायची बंदी आहे. आणि आत लेक-जावई जेवतायत."

उज्ज्वलाताई कुरकुरल्या. पण बाही त्यांनी अशी सरावानं चढवली की सारिकाला हसू फुटलं. उंडा घेतला. निम्म्या हातापर्यंत आल्या आणि सवयीनं थांबल्या. इशाऱ्याची वाट पाहत राहिल्या. इशारा आला नाही.

"हे तं काहीच बोलत नही वं."

"मग पुढे चला."

"फाटंन."

"फाटू द्या, ताई."

उज्ज्वलाताईंनी ओठ घट्ट मिटले. हात पुढे नेला. पोळी सरकली. आणखी सरकली. कोपराजवळ अंगठा कड दाबायला गेला तर बाहीनं तो हळूच अडवला, आणि कड सैल सुटली, पातळ झाली. साठ वर्षांच्या त्या बाईचे डोळे लहान पोरीसारखे विस्फारले. पोळी कोपराच्या पुढे गेली, झुलली, आणि खापरावर अशी बसली की एक सुरकुती नाही.

सारिकानं पोळी उतरवली, घडी घातली, तूप सोडलं आणि हेमराजच्या हातून आत पाठवली.

उज्ज्वलाताई बाहीतला हात तसाच हवेत धरून उभ्या होत्या, तो खाली ठेवावा की काय करावं त्यांना सुचत नव्हतं. आतून पानांचा, वाट्यांचा आवाज येत होता. मग ऋजुताचा आवाज आला, तोंडात घास असताना यावा तसा.

"आई गं! ही शेवटची कसली झाली! अजून एक दे ना, अशीच!"

उज्ज्वलाताईंनी सारिकाकडे पाहिलं. सारिकानं आपले दोन्ही उघडे हात वर करून दाखवले.

"मागतेय ती, ताई," सारिका म्हणाली.

उज्ज्वलाताईंनी पदरानं नाक पुसलं, परातीवर वाकल्या आणि दुसरा उंडा उचलला.